खानेसुमारी आणि घराण्याचा शोध

नगर, पुणे, नाशिक, जळगाव या जिल्ह्यांत स्थायिक झालेल्या बहुतेक मारवाडी जैन घराण्यांचा इतिहास चार वाक्यांत संपतो. मूळ गाव मारवाडातील अमुक; पणजोबा लहान वयात दिसावरी निघाले; प्रथम कोणाच्या तरी पेढीवर मुनीम राहिले, मग स्वतःचे दुकान मांडले; आणि हे सारे ‘छप्पनियाच्या दुष्काळात’ घडले. गोत्र सांगता येते, कुलदेवीचे स्थान सांगता येते. पणजीचे नाव विचारले, तर मात्र घरातील वडीलधारी मंडळीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

अलीकडे वंशवृक्ष तयार करण्याची हौस समाजात वाढली आहे आणि ती स्वागतार्हच आहे. मुले-नातवंडे अमेरिकेत असलेल्या घरांतून या हौसेला एक वेगळी अपेक्षाही चिकटली आहे. तेथील शेजारी सरकारी जनगणनेच्या कागदांतून आपल्या चार-पाच पिढ्या शोधून काढतात. मग आपल्यालाही तसे का करता येऊ नये, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात.

अमेरिकेतील ही सोय खरोखर हेवा वाटावा अशी आहे. तेथे दर दहा वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय जनगणनेखेरीज अनेक राज्यांनी स्वतःची गणना केली होती. वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीत १८९० च्या राष्ट्रीय जनगणनेचे बहुतेक कागद गेले. पण न्यूयॉर्क राज्याने १८९२ मध्ये आपली गणना केलेली असल्याने तेथील कुटुंबांचा धागा तुटला नाही. आयोवा राज्याच्या १९२५ च्या गणनेत तर प्रत्येक व्यक्तीच्या वडिलांचे नाव, आईचे माहेरचे नाव आणि दोघांची जन्मस्थाने विचारली होती. राष्ट्रीय जनगणनेचे नावनिशीवार कागद बहात्तर वर्षांनी लोकांना खुले होतात. त्यामुळे १९५० ची गणना २०२२ मध्ये सर्वांना पाहता आली.

आपल्याकडे हा मार्ग बंद आहे. भारतात १८८१ पासून एकाच वेळी सर्वत्र गणना होऊ लागली. पण गणकांनी भरलेले कागद कोष्टके तयार होईपर्यंतच कामाचे मानले गेले आणि नंतर ते जपले गेले नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने तर वैयक्तिक नोंदी कोणालाही पाहण्यास मनाई केली. न्यायालयातही त्या पुरावा म्हणून चालत नाहीत. शिवाय ब्रिटिश काळातील गणकांना अशी सूचना असे की, घरातील स्त्रीचे नाव सांगण्यास कोणी नाखूश असेल तर नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ असे लिहावे. ते कागद उरले असते, तरी पणजीचे नाव त्यांत सापडले असते असे नाही.

या नियमाला एक ठळक अपवाद आसामचा. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून तेथे नागरिकांची नोंदवही तयार झाली आणि तिच्या प्रती टिकल्या. अलीकडच्या नागरिक नोंदणीच्या वेळी तीच जुनी नावे लोकांना पुरावा म्हणून शोधावी लागली. आसामात दुकाने असलेल्या मारवाडी घरांना तो अनुभव विसरता येणार नाही. पूर्वजाचे नाव सरकारी कागदात असणे ही तेथे हौसेची नव्हे, हक्काची बाब ठरली.

मग जनगणनेचा आपल्याला उपयोग नाही काय? आहे, आणि मोठा आहे. मात्र तो नाव शोधण्याचा नाही. ज्या गावातून, ज्या वस्तीतून पूर्वज निघाले, तिचे चित्र या नोंदींतून उभे राहते. मारवाडचे भाग्य असे की, ते चित्र इंग्रजांच्या दोनशे वर्षे आधीपासून उपलब्ध आहे, आणि ते काढणारा ओसवाल जैन होता.

मुहणोत नैणसी हे त्यांचे नाव. जोधपूरचे महाराजा जसवंतसिंह यांचे ते सतराव्या शतकातील दिवाण. ‘मारवाड रा परगनां री विगत’ या ग्रंथात त्यांनी परगण्यांचा इतिहास, गावोगावचा वसूल, विहिरी-तळी, पिके यांची नोंद केली. आणि प्रमुख कसब्यांत कोणत्या जातीची किती घरे आहेत, हेही मांडले. महाजनांची घरे इतकी, ब्राह्मणांची इतकी, सुतार, कुंभार, माळी यांची इतकी. मराठीतला ‘खानेसुमारी’ हा शब्द मूळ अर्थाने, म्हणजे घरांची मोजणी या अर्थाने, येथे तंतोतंत लागू पडतो. मेडता, सोजत, जैतारण, फलोदी या गावांची नावे ज्या घराण्यांत आजही घेतली जातात, त्यांनी हा ग्रंथ अवश्य पाहावा. नारायणसिंह भाटी यांनी संपादित केलेले त्याचे तीन भाग जोधपूरच्या राजस्थान प्राच्यविद्या प्रतिष्ठानाने प्रसिद्ध केले आहेत.

नैणसींचा शेवट मात्र दुःखद झाला. महाराजांची मर्जी फिरली, ते आणि त्यांचे बंधू सुंदरदास यांना कैद झाली आणि एक लाख रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. दंड भरण्यास दोघांनीही नकार दिला. १६७० साली औरंगाबादकडून मारवाडला नेले जात असताना वाटेतच दोघा भावांनी आपल्या हाताने जीवन संपवले. मारवाडची घरे मोजणारा हा माणूस महाराष्ट्राच्या भूमीवर कैदी म्हणून वावरला, हे येथील मारवाडी समाजाला फारसे ठाऊक नाही.

दुसरा आधार १८९१ चा. त्या वर्षी जोधपूर संस्थानात झालेल्या गणनेचा अहवाल मुन्शी हरदयाल सिंह यांच्या देखरेखीखाली तयार झाला आणि तो ‘मर्दुमशुमारी राज मारवाड’ म्हणून ओळखला जातो. हा नुसता आकड्यांचा बाड नाही. संस्थानातील प्रत्येक जातीचा उगम, शाखा, व्यवसाय, लग्नाच्या चाली, पोशाख, दैवते यांचे त्यात वर्णन आहे. ओसवाल, पोरवाल, सरावगी ही नावे तेथे त्यांच्या चालीरीतींसह भेटतात. आजी लग्नात जो विधी हट्टाने करून घेत असे, त्याचा उगम एखाद्या वाचकाला तेथे सापडू शकेल. अर्थात त्यातील उत्पत्तिकथा दंतकथा म्हणूनच वाचाव्यात. वंशवृक्षाच्या माथ्यावर त्या इतिहास म्हणून छापू नयेत.

आता ‘छप्पनियाच्या दुष्काळात आलो’ या पारंपरिक वाक्याकडे वळता येईल. संवत १९५६ चा तो दुष्काळ, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. जोधपूर संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २५ लाख २८ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे १९ लाख ३५ हजार भरली. दहा वर्षांत दर शंभरांतील तेवीसहून अधिक माणसे कमी झाली. काही मेली, काही देशोधडीला लागली. कुटुंबाच्या स्मृतीत त्या सालाचा ठसा इतका खोल का, हे या दोन आकड्यांवरून कळते.

पण ठसा खोल आहे म्हणून तारीख खरी ठरत नाही. दख्खनमध्ये मारवाडी पेढ्या छप्पनियाच्या कितीतरी आधी होत्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तो मारवाडी आणि गुजर सावकारांविरुद्धच. कर्जरोखे आणि वह्या हिसकावून जाळण्यात आल्या आणि हे लोण नगर जिल्ह्यात पसरले. या भागातील एखाद्या घराण्याची १८७५ पूर्वीची एकही वही सापडत नसेल, तर त्याचे कारण वाळवीच असेल असे नाही. त्या वह्यांत आपल्या पूर्वजांची नावे होती, तशीच कुळांची कर्जेही होती. घराण्याचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजू गाळली, तर तो इतिहास न राहता मानपत्र होईल.

कुटुंब नेमके केव्हा आले, हे ठरवण्यास मुंबई इलाख्याच्या जनगणनेची कोष्टके मदत करतात. त्यांत जन्मस्थानाचे कोष्टक असते: अमुक जिल्ह्यात राजपुतान्यात जन्मलेले किती, त्यांत पुरुष किती, स्त्रिया किती. एखाद्या दशकात पुरुष पुष्कळ आणि स्त्रिया मोजक्या दिसल्या, तर बायका-मुले अजून गावीच होती आणि माणूस वर्षा-दोन वर्षांनी देशी फेरी मारत होता, असे अनुमान करता येते. पुढील गणनेत स्त्रियांचे प्रमाण वाढले, म्हणजे बिऱ्हाडे इकडे आली. ‘पणजोबा आले’ आणि ‘कुटुंब आले’ यांत कित्येकदा वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असते. पणजीने एकटीने मारवाडात काढलेली ती वर्षे घराण्याच्या कथेत कोणी मोजत नाही.

धर्माच्या रकान्याबाबत सावधगिरी हवी. देशातील जैनांची संख्या १९०१ मध्ये सुमारे १३ लाख ३४ हजार नोंदली गेली आणि १९२१ मध्ये ती ११ लाख ७८ हजारांवर उतरली. साथी आणि दुष्काळ हे त्याचे एक कारण. पण अनेक जैनांची नोंद हिंदू म्हणून होत असे, हेही तितकेच खरे. डॉ. विलास संगवे यांनी जैन समाजाच्या सर्वेक्षणाचा १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिताना या आकड्यांचा बारकाईने उपयोग केला आहे. एखाद्या तालुक्यात ‘जैन’ रकान्यात दहा-वीसच माणसे दिसली, म्हणून तेथे आपली वस्ती नव्हती असा निष्कर्ष काढू नये.

नावे हवी असतील, तर ती समाजाने स्वतः जपलेल्या कागदांत आणि धातूंत शोधावी लागतात. देरासरातील धातुप्रतिमेच्या पाठीवरील लेख हा त्यांतला सर्वांत विश्वसनीय. संवत, मास, तिथी, वार, ज्ञाती, गोत्र, मग श्रावकाचे नाव, त्याच्या पित्याचे, मातेचे, भार्येचे, पुत्रांचे. शेवटी गच्छ आणि प्रतिष्ठा करणारे आचार्य, असा त्याचा क्रम असतो. ब्रिटिश गणकाने ज्या स्त्रीला नुसते ‘स्त्री’ म्हटले असते, तिच्यासारख्या कितीतरी जणी या लेखांत नावानिशी आहेत. पूरणचंद नाहर यांनी असे शेकडो लेख १९१८ पासून तीन भागांत छापले. महाराष्ट्रातील दिगंबर घराण्यांसाठी, विशेषतः बघेरवाल, सैतवाल, हूमड यांच्यासाठी, विद्याधर जोहरापूरकर यांचा १९५८ चा ‘भट्टारक संप्रदाय’ तितकाच मोलाचा. कारंजाच्या पीठांशी जोडलेली अनेक नावे त्यात आहेत.

भाट आणि कुलगुरू यांच्या पोथ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सलग मिळतात. अलीकडच्या सात-आठ पिढ्या बहुधा भरवशाच्या असतात. त्यामागे जसजसे जावे तसतसे राजे-रजवाडे भेटू लागतात, आणि तेथे थांबणे शहाणपणाचे.

उरली घरची वही. दिवाळीच्या पूजनाच्या पहिल्या पानावर संवत, गाव, पेढीचे नाव आणि भागीदारांची नावे असतात. आत रोजमेळात लग्नाचा खर्च, बहिणीला पाठवलेले मायरे, गावच्या मंदिराला दिलेली रक्कम, मुनिमाची रजा. अशा नोंदींतून तारीख काढताना संवताचा हिशेब जपून करावा. गुजराती वहीचे वर्ष कार्तिकात सुरू होते, उत्तरेकडील सर्वसाधारण पंचांगाचे चैत्रात, तर जोधपूरच्या दफ्तरात ते श्रावणापासून मोजत. शिवाय मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो आणि महाराष्ट्र-गुजरातेत अमावास्येला. संवतातून सत्तावन्न वजा करायचे की छप्पन, हे वही कोठली यावर अवलंबून असते; वंशवृक्षांतील एका वर्षाच्या चुका बहुतांशी येथेच होतात.

मोडी, महाजनी किंवा मुडिया लिपी वाचणारी माणसे आता कमी उरली आहेत. दुकानाचे नूतनीकरण निघाले की माळ्यावरच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या किलोच्या भावाने जातात, आणि वाटण्या झालेल्या घरांत त्या कोणाच्या वाट्याला गेल्या हेही कोणास आठवत नाही. रद्दीत देण्यापूर्वी निदान पहिल्या-शेवटच्या पानांची आणि लग्नकार्यांच्या नोंदींची छायाचित्रे घेतली, तरी काम होते. जेथे वाचणारा एखादा वृद्ध मुनीम अजून आहे, तेथे तर उशीर करूच नये.

२०२७ च्या जनगणनेत घरोघरी पुन्हा माहिती विचारली जाईल, आणि या वेळी जातीचीही नोंद व्हायची आहे. जी उत्तरे दिली जातील, ती कायद्याप्रमाणे नातवंडांना कधीच पाहता येणार नाहीत. गणकाला सांगितलेली तीच माहिती, आणि त्याने न विचारलेली आणखी काही, म्हणजे घरातील प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव, तिचे गाव आणि तिच्या आईचे नाव, त्याच दिवशी घरच्या वहीत उतरवून ठेवायला अर्धा तास पुरेल.