स्वल्पविरामाने जोडलेली इंग्रजी वाक्ये

1762 साली लंडनमध्ये रॉबर्ट लोथ यांचे इंग्रजी व्याकरणाचे छोटेसे पुस्तक निघाले. लोथ धर्मगुरू होते, पुढे लंडनचे बिशप झाले. विरामचिन्हांचा हिशेब त्यांनी संगीतातल्या मात्रांप्रमाणे मांडला. स्वल्पविरामाला जेवढे थांबायचे त्याच्या दुप्पट अर्धविरामाला, त्याच्या दुप्पट अपूर्णविरामाला आणि त्याच्याही दुप्पट पूर्णविरामाला. चिन्ह म्हणजे वाचणाऱ्याच्या आवाजाला दिलेली सूचना. पुस्तके मोठ्याने वाचून दाखवण्याच्या त्या काळाला हा हिशेब शोभणाराच होता. 1719 मध्ये आलेल्या डॅनिएल डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’त स्वल्पविराम आणि अर्धविरामांच्या जोरावर वाक्ये लांबच लांब चालत राहतात आणि त्या काळच्या वाचकाला ती खटकत नसत.

आज दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली, तर इंग्रजीत ती चूक ठरते. तिला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. मध्ये चिन्हच नसेल तर ते ‘रन-ऑन’ वाक्य. (अनेकांना वाटते की रन-ऑन म्हणजे लांबलचक वाक्य. तसे नाही. शंभर शब्दांचे वाक्य निर्दोष असू शकते आणि सहा शब्दांचे चुकलेले.)

हा बदल एका रात्रीत झाला नाही. वाचन मनातल्या मनात होऊ लागले, तशी विरामचिन्हे श्वासाकडून व्याकरणाकडे सरकली. 1859 मध्ये डिकन्सने ‘अ टेल ऑफ टू सिटीज’च्या पहिल्याच वाक्यात एकामागून एक स्वतंत्र वाक्ये स्वल्पविरामांनी ओवली, ते वाक्य आजही कौतुकाने वाचले जाते. नियम खऱ्या अर्थाने घट्ट झाला तो अमेरिकन कॉलेजांत. हार्वर्डने 1874 पासून प्रवेश परीक्षेत निबंध लिहून घ्यायला सुरुवात केली. गठ्ठ्याने येणारे निबंध तपासायचे म्हटल्यावर बोट ठेवता येतील अशा चुका हव्याच होत्या. कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्यम स्ट्रंक यांनी 1918 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’मध्ये स्वतंत्र वाक्ये स्वल्पविरामाने जोडू नयेत, असा नियमच घालून दिला. मात्र वाक्ये अगदी छोटी आणि एकाच घडणीची असतील तर स्वल्पविराम चालतो, अशी सवलतही त्यांनी ठेवली. पुढच्या कित्येक मास्तरांना नियम लक्षात राहिला, सवलत राहिली नाही.

चूक मात्र हटली नाही. 1988 मध्ये रॉबर्ट कॉनर्स आणि अँड्रिया लन्सफर्ड यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांचे 3000 निबंध तपासून चुकांची क्रमवारी लावली, त्यात कॉमा स्प्लाइस आठवी होती. 2008 च्या तशाच पाहणीत ती सोळाव्या क्रमांकावर गेली, पण पंधराव्या जागी रन-ऑन वाक्य होते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या देशातली ही स्थिती आहे.

आपल्याकडे हा विषय वेगळ्या वाटेने आला. मराठीत विरामचिन्हे रुजवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी. चिन्हे इंग्रजीचीच, पण मराठीने ती आपल्या चालीने वापरली. ‘बस उशिरा आली, आमची परीक्षा हुकली’ हे मराठीत निखळ वाक्य आहे. क्रियापद शेवटी येत असल्यामुळे एक वाक्य संपले हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. इंग्रजीत क्रियापद मध्ये बसते, त्याच्या मागून काहीही येऊ शकते, म्हणून वाक्याची हद्द चिन्हानेच दाखवावी लागते. मराठीतून विचार करणारा विद्यार्थी ‘द बस वॉज लेट, वुई मिस्ड द एक्झाम’ असे लिहितो, तेव्हा तो निष्काळजी नसतो. तो आपल्या भाषेचा नियम पाळत असतो.

ही चूक ओळखायची कशी? स्वल्पविरामाच्या डाव्या बाजूवर हात ठेवा, उजवी बाजू वाचा. मग उलट करा. दोन्ही बाजू एकट्या उभ्या राहिल्या आणि मध्ये जोडणारा शब्द नसला, तर जोड चुकली. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, स्वल्पविरामापुढे ‘सो’ घाला किंवा ‘बिकॉज द बस वॉज लेट’ असे करून पहिल्या वाक्याला दुसऱ्याच्या आधाराला लावा. चारही बरोबर आहेत. कार्यकारण सांगायचे असेल तर मी शेवटचा निवडेन, कारण त्यात उशीर आणि हुकलेली परीक्षा यांचे नाते उघड दिसते.

आपले विद्यार्थी सर्वांत जास्त अडकतात ते ‘देअरफोर’ आणि ‘हाउएव्हर’पाशी. ‘म्हणून’ आणि ‘पण’ मराठीत स्वल्पविरामानंतर सहज येतात, त्यामुळे ‘द बस वॉज लेट, देअरफोर वुई मिस्ड द एक्झाम’ हे त्यांना दुरुस्त झाल्यासारखे वाटते. ते चूकच राहते. ‘देअरफोर’ वाक्यात सरकवता येतो, ‘वुई देअरफोर मिस्ड द एक्झाम’ असेही लिहिता येते. ‘बट’ किंवा ‘सो’ असे जागचे हलत नाहीत. जो शब्द हलतो, तो दोन वाक्यांच्या सांध्यावर आला तर त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवाच.

2000 साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणली. त्या मुलांच्या पहिल्या तुकड्या आज नोकरीत आहेत, ई-मेल आणि अर्ज इंग्रजीत लिहीत आहेत. 1997 पासून संगणकावरचे वर्ड हिरवी नागमोडी रेघ मारून व्याकरणाची शंका दाखवू लागले, पण रेघ का आली हे शिकवले गेले नाही. ‘जिथे दम घ्याल तिथे स्वल्पविराम द्या’ हे लोथ यांच्या काळातले शिक्षण मात्र अनेक वर्गांत अजून चालू आहे आणि निम्मा घोटाळा त्यातूनच होतो.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. दोन वाक्ये जोडून दाखवा, असा प्रश्न आपण नेहमी देतो. त्याच्या शेजारी चुकीची जोडलेली वाक्ये ओळखून दुरुस्त करा, हाही एक प्रश्न द्या आणि उत्तराला दोन ओळींचे कारण मागा.