प्रश्न विचारू द्या, उत्तर मुलाचे राहू द्या



वस्तीत आरोग्याचे सर्वेक्षण करणारी ताई येते. वय, शिक्षण, जेवण, झोप, व्यसन असे विचारता विचारता तरुण मुलाला विचारते, ‘तू स्वतःला मुलगा समजतोस, मुलगी, की आणखी काही? तुला आकर्षण कोणाबद्दल वाटते?’ लगेच घरातून आवाज येतो, ‘हे काय विचारता पोरांना?’ ताई ओशाळते आणि पुढचा प्रश्न घेते. मुलाला काही सांगायचे असले, तर ते मनातच राहते.

आधी दोन शब्द समजून घेऊ. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचे त्याला आतून जे वाटते ती लिंगओळख. मन कोणाकडे ओढले जाते तो लैंगिक कल. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही आजार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि २०१८ साली प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले.

मग विचारायचे कशासाठी? मोजल्याशिवाय गरज दिसत नाही, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘इतर’ हा रकाना आला आणि देशात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. पण तिथे घरातले मोठे माणूस सगळ्यांची माहिती देते. ज्याचे मन घरालाच माहीत नाही, तो मुलगा त्या आकड्यात कसा येणार? अमेरिकेत शाळकरी मुलांच्या आरोग्य सर्वेक्षणात २०१५ पासून देशपातळीवर लैंगिक कल विचारतात. समलिंगी मुलांमध्ये निराशा आणि आत्महत्येचे विचार जास्त असल्याचे त्यातून दिसले. याला कारण त्यांचा कल नव्हे. चिडवणे, मारहाण आणि घराने तोडणे यांनी मुले खचतात.

अशा विषयावर बोलणे बाबासाहेबांनी अश्लील मानले नाही. ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक र. धों. कर्वे यांनी वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, पण बाजू कोणाची घ्यायची हे त्यांनी दाखवून दिले.

तरीही आमचे म्हणणे असे नाही, की हा प्रश्न कुठेही, कसाही विचारावा. आपली घरे एका खोलीची. मधे पडदा, पलीकडे शेजारी. तिथे मोठ्याने विचारलेला प्रश्न मुलाला संकटात टाकू शकतो. मग तो भीतीपोटी खोटे सांगणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या मारहाणीचे प्रश्न घरटी एकाच बाईला आणि ती एकटी असेल तरच विचारतात; एकांत नसेल तर ते प्रश्न सोडून देतात. तोच नियम इथेही हवा.

म्हणून सर्वेक्षणवाली ताई आली, की चार गोष्टी विचारा. मुलाशी एकट्याने बोलणार का? ‘सांगायचे नाही’ आणि ‘अजून ठरले नाही’ ही उत्तरे चालतात का? उत्तरासोबत नाव लिहिले जाते का? कागद किंवा मोबाईलमधली माहिती कोण पाहणार? समाधान झाले, तर थोडा वेळ बाहेर ओट्यावर बसा. मूल अठरा वर्षांखालचे असेल तर पालकांची संमती लागते आणि मुलाची तयारीही लागते. पण संमती दिली म्हणून उत्तर पाहण्याचा हक्क मिळत नाही. ताई गेल्यावर ‘काय सांगितलेस?’ असे खोदू नका.

मुलाने आपणहून काही सांगितले, तर मारू नका, लग्नाची घाई करू नका, बाबा-बुवाकडे नेऊ नका. ऐकून घ्या. मूल खचलेले वाटले, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येते. मैत्री आणि करुणा आपण विहारात म्हणतो. आपल्या लेकराला तिची गरज घरात आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.