पाण्यालाच कामाला लावणारी केस

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातलं गिरड हे बाबा फरीदांच्या दर्ग्याचं गाव. मृगात इथल्या शिवारात पेरणीची लगबग सुरू झाली, की मनगटावरच्या घड्याळावर दुहेरी मारा होतो. वरून पाऊस, आतून घाम. जुनं चावीचं घड्याळ अशा दिवसांत बंद पडलं की दोष मशीनला दिला जातो. पण बिघाडाचं मूळ पुष्कळदा केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात असतं. ओल आत शिरते, चावीच्या पोलादी दांडीला गंज धरतो, तबकडीवर डाग चढतात.

पाण्याला आत यायला तीन वाटा असतात: काच, मागचं झाकण आणि चावी. काच आणि झाकण एकदा घट्ट बसवता येतात. खरी अडचण चावीची. ती रोज फिरली पाहिजे आणि तिच्या दांडीभोवती थेंबभरही फट राहता कामा नये.

१९२६ साली रोलेक्सने 'ऑयस्टर' आणलं. त्याच्या झाकणाला आटे होते आणि चावीही आट्यांवर घट्ट फिरवून बंद होई. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू ते गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीच्या गारठ्यात दहा तासांहून अधिक पोहली आणि घड्याळ चालूच राहिलं. मात्र चावी फिरवून बंद करायला विसरलं, की ही सारी तटबंदी फोल. १९३२ च्या 'ओमेगा मरीन'ने वेगळा मार्ग काढला: घड्याळ चावीसकट दुसऱ्या केसमध्ये सरकवायचं. चावी सुरक्षित राहिली, पण ती द्यायची तर आतलं घड्याळ बाहेर काढावं लागे.

या दोन्ही रचनांनी पाण्याला शत्रू मानून भिंत उभारली. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या एर्विन पिकरे यांच्या कारखान्याने पाण्याचा जोरच हाताशी धरला. त्यांच्या 'कॉम्प्रेसर' केसमध्ये झाकण स्प्रिंगच्या आधाराने रबरी वॉशरवर टेकलेलं असे. खोल जावं तसा पाण्याचा दाब झाकणाला आत ढकली आणि वॉशर अधिक आवळला जाई. कोरड्या जागी वॉशरवर ताण कमी, म्हणून तो टिकेही जास्त.

याच्याही पुढचं पाऊल ज्या कंपनीने टाकलं, तिचं नाव मराठी घरांना परकं नाही: फाव्र-ल्यूबा, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'फेवर ल्युबा'. १७३७ पासूनचा वारसा सांगणाऱ्या या स्विस कंपनीचा व्यापार मुंबईत एकोणिसाव्या शतकातच रुजला होता. तिची 'सी किंग' आणि 'सी चीफ' अजून कितीतरी कपाटांत जपून ठेवलेली सापडतात. या कंपनीने १९६२ मध्ये 'बिव्हॉक' काढलं. हवेच्या दाबावरून उंची सांगणारं हे मनगटी घड्याळ गिर्यारोहकांच्या कामाचं होतं. त्याच दशकात पाणबुड्यांसाठी 'बॅथी' आलं. त्याच्या पाठीला चक्क छिद्रं होती. पाणी आत येई, पण एका धातूच्या पातळ पडद्यापाशी थांबे. पडदा दाबाने जितका वाके, तितका तबकडीवरचा खोलीचा काटा सरके. मशीन पडद्याच्या अलीकडे कोरडं. पाणी अडवायचं आणि त्याचा दाब मात्र आत पोहोचू द्यायचा, हे अवघड काम एका पडद्याने साधलं. माझ्या मते केस घडवणाऱ्यांच्या कल्पकतेचा हा कळस आहे.

या सगळ्या कौशल्याचा भार शेवटी स्वस्तातल्या रबरी वॉशरवर असतो. रबर वर्षांगणिक कडक होतं, चिरतं. म्हणून झाकणावर 'वॉटरप्रूफ' कोरलेलं असलं, तरी वडिलांचं किंवा आजोबांचं घड्याळ घालून विहिरीत उडी मारू नये, पावसातही ते उतरवून ठेवावं. दुरुस्तीला दिलं, की तेल-सफाईबरोबर झाकणाचा वॉशर बदलायला आणि चावीच्या नळीतली झीज तपासायला आवर्जून सांगावं. काचेच्या आत वाफ दिसली, तर घड्याळ उन्हात ठेवून वाट पाहू नये. त्याच दिवशी जाणत्या हातांकडून उघडून घ्यावं. मशीन शंभर वर्षं चालू शकतं, पण त्याचं आयुष्य केस ठरवते. ते जपणारे कारागीर गावोगावी कमी होत चालले आहेत. त्यांना त्यांच्या कामाचं योग्य मोल मिळालं, तरच ही घड्याळं पुढच्या पिढीच्या मनगटावर चालती राहतील.