ऑईल फिल्टर काढण्याचा पाना : जोर किती, दांडा केवढा?



ऐन गाळपात ट्रॅक्टर बंद पडला की तोडलेला ऊस फडातच वाळतो. वजन घटते, साखर उतरते, आणि नुकसान आपल्याच पदरी येते. इंजिनाचे ऑईल व फिल्टर वेळेवर बदलणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. पण फिल्टर हाताने हलत नाही म्हणून पुष्कळजण बदल लांबवितात, नाहीतर डब्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरवितात. पत्रा फाटतो, बूड इंजिनाला चिकटून राहते आणि तासाच्या कामाला दिवस जातो.

मुंबईकडे मुलुंडसारख्या ठिकाणी गॅरेजवाल्या मिस्त्रीजवळ यासाठी पट्ट्याचा किंवा चेनचा पाना असतो. तो गावचा लोहारही करू शकेल. फक्त हिशेब नीट हवा. (जुन्या ट्रॅक्टरांत मधल्या बोल्टवर बसणारा फिल्टर असतो, त्याला साधा पाना पुरतो. येथे आट्यांवर फिरणाऱ्या डब्याच्या फिल्टरचा विचार केला आहे.)

घट्ट बसलेला फिल्टर सैल करण्यास १ मीटर दांड्याच्या टोकाला ३ किलो जोर लागतो असे आम्ही धरतो. फिल्टर ९ सें.मी. रुंद असेल तर हात मध्यापासून जेमतेम साडेचार सें.मी.वर पडतो. म्हणजे जोर लागला सुमारे ६७ किलो, तोही तेलकट पत्र्यावर! हात घसरणारच. तेच २५ सें.मी.चा दांडा असेल तर १२ किलोत काम होते. याहून फार लांब दांडा नको. जोर वाढून डबा चेपतो.

दांड्याला पाच सुती (१६ मि.मी.) सळई घ्यावी. गड्याने २५ किलोने ओढले तरी ती साध्या लोखंडाच्या वाकण्याच्या मर्यादेच्या आतच राहते. चार सुती (१२ मि.मी.) सळई तेवढ्या जोराला वाकेल. जाडीत फरक थोडा, पण ताकद दुपटीहून जास्त.

दांड्याच्या टोकाला सायकलची चांगली चेन वेल्ड करावी, दुसरे टोक अडकविण्यास आकडा ठेवावा. दांडा ओढला की चेन आपोआप आवळते. मात्र डबा आधी कोरड्या फडक्याने पुसावा. तेल असेल तर पकड जवळजवळ निम्म्यावर येते. चेन डब्याच्या मध्यावर नको, इंजिनाकडच्या कडेला लावावी. तेथे जाड चकती असल्याने पत्रा चेपत नाही. इंजिन कोमट असताना, डब्याच्या बुडाकडून पाहता घड्याळाच्या उलट फिरवावे.

नवा फिल्टर बसविताना हा पाना वापरू नये. आधी जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटली नाही ना, हे पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सगळे ऑईल बाहेर फेकले जाऊन इंजिन जाम होते. नव्या रिंगला ऑईलचे बोट लावावे, रिंग टेकली की फिल्टरवर छापले असेल तेवढेच, बहुधा पाऊण फेरा, हाताने आवळावे. मग इंजिन चालू करून गळती बघावी. जुने ऑईल पाटात ओतू नये.

पाना हंगामाआधीच करून टूलबॉक्समध्ये ठेवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी