छावणीचे फाटक आणि घरातला छळ

लष्कराशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत, सुभेदार रामजींच्या घरी झाला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. आजही मुलगा फौजेत लागला की वस्ती पेढे वाटते. पण त्याच फौजीच्या घरात बायकोला मार बसत असेल, तर वस्ती गप्प का बसते?

अशा भगिनी आमच्याकडे येतात. पोलीस म्हणतात, "युनिटला लिहा." युनिट म्हणते, "प्रकरण कोर्टात आहे." या टोलवाटोलवीत बाई माहेरी आणि मुले शाळेबाहेर राहतात.

कायदा मात्र स्पष्ट आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा वर्दीला सूट देत नाही. नवरा सीमेवर असला तरी पत्नी जिथे तात्पुरती राहते, तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नवऱ्याने पैसे थकवले, तर कलम २०(६) नुसार मालकाला पगारातून रक्कम थेट देण्याचा आदेश होऊ शकतो. इथे १९५० च्या आर्मी ॲक्टचे कलम २८ आडवे घातले जाते. त्यानुसार दिवाणी वा महसुली न्यायालयाला सैनिकाचा पगार जप्त करता येत नाही. पण त्याच कायद्याची कलमे ९० व ९१ बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपातीचा अधिकार लष्करालाच देतात! म्हणजे वाट आहे. अडतो तो कागद.

अमेरिकेत २००२ साली फोर्ट ब्रॅग तळावरील चार सैनिकांच्या पत्नींचे काही आठवड्यांत खून झाले. आरोप नवऱ्यांवरच होते. त्याच वर्षाअखेर तिथे कायदा झाला, की नागरी न्यायालयाचा संरक्षण आदेश लष्करी तळावरही लागू राहील. आपण खुनांची वाट पाहायची काय?

आमची मागणी साधी आहे. दंडाधिकाऱ्यांनी आदेशाची प्रत थेट कमांडिंग ऑफिसरला पाठवावी. युनिटने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. संरक्षण अधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांनी एकत्र बसावे. कार्यकर्त्यांनीही समेटाच्या बैठका घेण्याआधी त्या भगिनीला अर्ज लिहून द्यावा, सोबत जवानाचा नंबर व युनिटचा पत्ता जोडावा.

स्त्रियांच्या हक्कांचे हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांच्या अनुयायांना भगिनीसाठी एक अर्ज लिहिणे जड जाऊ नये.