कबुतरांची मानमोडी : लस वेळेवर टोचा

अस्रनंतर गच्चीवर जायचे, शीळ घालायची आणि आभाळातला थवा ढाबळीवर उतरताना पाहायचा. हा शौक आपल्या कित्येक मोहल्ल्यांत बापाकडून मुलाकडे आला आहे. बादशहा अकबरालाही कबुतरांचा नाद होता. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त त्याविषयी लिहून ठेवले आहे.

पण एखाद्या सकाळी कबुतर दाण्यावर चोच मारते आणि नेम चुकतो. ते सारखे पाणी पिते, विष्ठा पाण्यासारखी हिरवट होते. चार दिवसांत मान पिळवटते, ते जागच्या जागी गिरक्या घेऊ लागते. घरात कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते लकवा झाला. बहुतेक वेळा ती मानमोडी असते.

कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या विषाणूचाच हा भाऊबंद. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो मध्यपूर्वेतील कबुतरांत दिसला आणि पुढे युरोपात पसरला. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये कोंबड्यांत साथ आली, तेव्हा आजारी कबुतरांच्या विष्ठेने खराब झालेले खाद्य हे तिचे कारण ठरले. म्हणून गच्चीवर कबुतरे आणि अंगणात कोंबड्या असलेल्या घराने दुप्पट सावध राहावे.

या विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिक त्याला मारत नाही. उपाय एकच, आधी लस. कबुतरांसाठीची मृत विषाणूची लस मानेच्या मागच्या बाजूस, कातडीखाली टोचतात आणि साधारणपणे दरवर्षी पुन्हा देतात. मात्रा आणि पिल्लांचे वय लसीप्रमाणे बदलते, म्हणून पशुवैद्यकाला विचारा; कोंबड्यांची लस मनाने देऊ नका. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात गोठवू नये. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. साथ दारात आल्यावर धावपळ करून फायदा थोडाच. आधीच आजारी पडलेला पक्षी लसीने बरा होत नाही.

बाजारातून आणलेली नवी जोडी निदान तीन-चार आठवडे वेगळी ठेवा. तिची भांडी वेगळी, दाणापाणी सर्वांत शेवटी. विष्ठा साफ करताना तोंडावर कपडा बांधा, हात साबणाने धुवा आणि ते डोळ्यांना लावू नका. हा विषाणू माणसाचे डोळे काही दिवस लाल करू शकतो.

मान वाकडी झालेल्या कबुतराला लगेच टाकून देऊ नका, विकू तर मुळीच नका. वेगळे ठेवून खोल भांड्यात दाणे द्या, जमत नसेल तर हाताने भरवा. अशी सेवा मिळाली तर कित्येक कबुतरे काही आठवड्यांत सावरतात. काहींची मान मात्र थोडी वाकडीच राहते.

मुका जीव पिंजऱ्यात ठेवला की त्याच्या दाण्यापाण्याचा आणि दुखण्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे. शौकाच्या खर्चात लसीचा खर्चही धरा.