बिडी सुटली, मग खोकला का वाढला?

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, की चहा होईपर्यंत घरच्या गोष्टी निघतात. मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "ह्यांनी बिडी सोडून तीन आठवडे झाले आणि घरात कुणाला झोप नाही. आधी एवढं खोकत नव्हते. सासूबाई म्हणतात, बिडीनं छाती मोकळी राहत होती, सोडली म्हणून कफ साचला. शेवटी काल मीच पोराला पाठवून बिडीचा कट्टा आणला."

जिनं लग्न झाल्यापासून बिडीवरून भांडण केलं, तिनंच बिडी विकत आणली. कुणी हसलं नाही. आणखी तिघी म्हणाल्या, आमच्याकडंही असंच झालं होतं. त्या तिन्ही घरांत बिडी पुन्हा सुरू आहे.

म्हणून आज याच खोकल्याबद्दल बोलू. आम्ही काही डॉक्टर नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या मॅडमना विचारून जे समजलं, ते सांगतो.

आपल्या श्वासनळीच्या आतून अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे केस असतात. वाऱ्यावर गव्हाचं शेत डोलतं तसे ते सारखे हलत असतात आणि आत गेलेली धूळ, चिकट कफ वर ढकलत राहतात. बिडीच्या धुरानं हे केस मंदावतात, काही झडतातही. कफ मात्र जास्त तयार होतो. म्हणजे कचरा वाढला आणि झाडणारी आजारी. बिडी सुटली की काही दिवसांत हे केस पुन्हा कामाला लागतात आणि साठलेलं वर ढकलू लागतात. बंद घर उघडून झाडू मारला की पहिल्यांदा धूळच उडते ना, तसंच हे. सगळ्यांनाच असा खोकला येतो असं नाही. ज्यांना येतो, त्यांचा बहुधा काही आठवड्यांत कमी होतो, काहींना महिने लागतात.

मग एक झुरका मारल्यावर बरं का वाटतं? धुरानं ते केस पुन्हा मंदावतात, शिवाय तलफही भागते. छाती मोकळी झालेली नसते, झाडणं थांबलेलं असतं. सासूबाईंना हे समजावून सांगा, पण भांडून नको.

घरी करण्यासारखं साधंच आहे. दिवसभर थोडं थोडं कोमट पाणी प्यायला द्या. रात्री उशाला जास्त उंची द्या. झोपताना चमचाभर मध चालतो. साखरेचा आजार असेल तर आधी विचारा. कफ सुटत नसेल तर पुढं वाकून बसायचं, खोल श्वास घ्यायचा आणि तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ धरतो तसा जोरात 'हा' करून सोडायचा. दोनतीनदा केलं की कफ वर येतो. खोकला दाबणारं औषध दुकानातून आपल्या मनानं आणू नका, कफ बाहेर पडायलाच हवा. आणि चुलीचं बघा. बिडी सोडलेला माणूस धुरात बसला तर काय उपयोग? तो धूर आपल्याही छातीत जातोच, पण आपला खोकला कोण मोजतं!

आता जे सांगायचं आहे, ते आमच्या चुकीतून शिकलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी गटातल्या एका बाईंना आम्हीच धीर दिला होता, "बिडी सोडल्याचा खोकला आहे, जाईल." त्या थांबल्या. दोन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा त्यांच्या मालकांना टीबी निघाला. औषधानं ते बरे झाले, पण ते दोन महिने घरात लहान नात होती. आजही त्या बाई भेटल्या की आमची नजर खाली जाते.

खोकला बिडी सोडल्याचा की टीबीचा, हे घरी बसून ओळखता येत नाही. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्यायचाच. बेडका म्हणजे नुसती थुंकी नव्हे, सकाळी छातीतून येतो तो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. टीबी निघालाच तर औषधंही फुकट मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात देण्याची योजना आहे. बेडक्यात रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, छातीत दुखणं, आवाज बसून राहणं, चार पावलांत धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका. बेडक्यात टीबी नाही निघाला आणि खोकला तरी हटेना, तर छातीचा फोटो काढायला सांगा.

बिडीऐवजी तंबाखू-चुना धरू देऊ नका. (मिश्रीही तंबाखूच आहे, बायांनो. त्यावर एकदा स्वतंत्र बोलू.) तलफ अनावर झाली तर 1800-11-2356 या नंबरावर फोन लावून द्या. पैसे पडत नाहीत, बिडी-तंबाखू सोडायला मदत करतात.

त्या ताईंनी मालकांना दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. टीबी नाही निघाला. सकाळचा खोकला अजून आहे, पण रात्री झोप लागते म्हणाल्या. आणलेल्या कट्ट्यातल्या दोनच बिड्या संपल्या होत्या, बाकीचा त्यांनी दुकानदाराला परत दिला. पैसे मात्र त्यानं दिले नाहीत.